हेडफोनचं तेलपाणी

उंब्रजच्या आसपासच्या गावांत फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला, मग त्याचा हुद्दा कोणताही असो, लोक मेजर म्हणतात. गुंडा नलवडे तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीला त्यांनी लोकांना हुद्दा दुरुस्त करून सांगितला, मग सोडून दिलं. आता मेजर अशी हाक आली की ते वळून बघतात. फक्त हाक डाव्या बाजूने यावी लागते. उजव्या कानात नोकरीच्या दिवसांपासून एक बारीक शीळ वाजत असते.

त्या शिळेबद्दल त्यांची तक्रार नाही. त्यांना सोसत नाही ती धडधड. डीजेच्या मोठ्या स्पीकरची धडधड छातीवर आली की त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात आणि ते तिथून निघून जातात. ठरवून नव्हे, पायच निघतात. कराडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हे नोकरीतलं आहे, भित्रेपणाचा यात संबंध नाही, मोठ्या आवाजापासून लांब राहा. सल्ला बरोबर होता. गावात राहून तो पाळणं अवघड होतं.

थोरला मुलगा जयराज याच्या हळदीच्या दिवशी ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. नलवड्यांच्या भावकीत हळद एकट्या नवरदेवाला किंवा नवरीला लागत नाही. आई-बापांनाही शेजारच्या पाटांवर बसून लावून घ्यावी लागते. त्या दिवशी पत्नी सुलाबाई एकट्याच बसल्या. पाहुण्यांत कुजबुज झाली. अल्बममधल्या फोटोत तो रिकामा पाट दिसतो.

म्हणून मुलीचं, शिवांजलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने डीजेच नको असं सुचवलं. मेजरांनी ते उडवून लावलं. "पोरं कवापासनं वाट बघत्यात. माझ्यापायी त्येंचा नाच बंद नगं."

शिवांजली पुण्यात नोकरी करते. पुढच्या खेपेला तिने बाहेरचा आवाज दाबणारा वायरलेस हेडफोन आणला. अख्खा कान झाकणारा. गाणी ऐकण्यासाठी तो नव्हताच. बटण दाबलं की इंजिनाची घरघर, जनरेटरची धडधड पार खाली जाते. माणसांचं बोलणं थोडंफार ऐकू येत राहतं. मेजर तो घालून ऊसतोडणीच्या यंत्राशेजारी जाऊन उभे राहिले आणि उभेच राहिले. परत येऊन मुलीला म्हणाले, "बसतो तुझ्याशेजारी. शब्द हाय."

हळद उद्यावर आली आणि हेडफोन बिघडला.

म्हणजे बिघडत आधीपासूनच होता, पण पुतण्या शंभूराज तो व्यायामाला मागून न्यायचा, त्यामुळे मेजरांनी सगळा दोष त्याच्यावर टाकला होता. चालू केला की तो मेजरांचा फोन सोडून पलीकडच्या घरातल्या शंभूराजच्या फोनला जोडला जाई, आणि मेजरांच्या कानात व्यायामाची गाणी सुरू होत. त्या सकाळी मात्र नवीनच प्रकार झाला. मांडववाल्याने जनरेटर सुरू करून पाहिला. मेजरांनी हेडफोन घातला, बटण दाबलं. धडधड जशीच्या तशी आत आली, वर एक शीळ. मेजर सपाता न घालता अंगणाबाहेर गेले.

सुलाबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आवं, मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्याजवळ हाय. ती मिळायची न्हाई."

मेजर उंब्रजला, सेवा रस्त्यावरच्या शाहरुख मुल्लाच्या मोबाईल दुकानात गेले.

शाहरुखने तक्रार ऐकून घेतली. "काका, आधी जुन्या जोडण्या सगळ्या पुसून टाकू. फॅक्टरी रीसेट. कारखान्यातनं निघाला तसा कोरा."

"ते केलंय मी. व्हिडिओ बघून. दोन्ही बटणं दाबून धरली. ढिम्म."

"चार्जिंगची वायर काढली हुती?"

"वायर कशाला काढू? मधीच बॅटरी संपली म्हंजी?"

"वायर लावलेली असली की ह्यो रीसेट होत न्हाई, मेजर."

"फौजेत भरल्या बॅटरीबिगर कुठला सेट हातात घेत न्हाईत."

"मग भरा की. भरल्यावर तरी सोडा त्याला."

शाहरुखने वायर काढली, चालू-बंदचं आणि आवाज दाबायचं अशी दोन्ही बटणं एकत्र धरून ठेवली. निळा दिवा लुकलुकला आणि हेडफोन बंद झाला. मेजरांच्या फोनमधलं हेडफोनचं जुनं नाव काढून टाकून त्याने तो नव्याने जोडला. शंभूराजच्या फोनशी असलेली जोडणी तुटली. मेजरांचा चेहरा सैल झाला. तेवढ्यात दुकानासमोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर निघाला. मेजरांनी हेडफोन ओढून काढला.

"तसंच हाय. शीळबी हाय."

"दुसरा मागवला तर उद्या न्हाई पोचायचा," शाहरुख म्हणाला. त्याने हेडफोन हातात फिरवला, मग बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "काका, केसाला तेल लय लावता काय?"

मेजरांनी टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं. शाहरुखला हसू आवरेना.

"मग ह्ये तेल कशाचं?"

"हत्याराचं."

मेजरांनी सरळ सांगितलं. दर रविवारी ते हेडफोन साफ करत. आधी ब्रश, मग चिंधी, मग वरून तेलाचा पातळ हात, मग कापडात गुंडाळून पेटीत. नोकरीभर रायफल अशीच सांभाळली होती. मुलीने दिलेली वस्तू गंजू नये, एवढाच हेतू होता.

"आवं मेजर, ह्या प्लॅस्टिकला कसला गंज!" शाहरुखने कडेची बारीक जाळी दाखवली. "ह्ये ह्याचे कान. बाहेरचा आवाज ह्यो हितनं आयकतो, आन त्याच्या उलटा आवाज आत सोडतो. मग दोन्ही एकमेकाला मारत्यात. तुमी ते कानच बुजवले."

मेजर जाळीकडे बघत राहिले. "म्हंजी माझंच झालं त्याला. नीट आयकू येत न्हाई आन शीळ वाजती."

शाहरुखने जाळी खाली करून, घाण आत जाऊ नये अशा बेताने, मऊ कोरड्या टूथब्रशने ती झाडली. कापसाच्या काडीला स्पिरिटचा जेमतेम ओलावा देऊन तेल टिपलं, पुन्हा झाडली, पुन्हा टिपलं. हेडफोन पंख्याखाली ठेवला. "तेल आत माईकपतूर गेलं असंल तर माझ्या हातात काय न्हाई. आधीच सांगतो."

मेजर बाकावर बसून राहिले. शिवांजलीचा फोन आला. त्यांनी तो वाजू दिला. सांगण्यासारखं अजून काही नव्हतं.

वाळल्यावर शाहरुखने पुन्हा एकदा रीसेट केलं, वायर न लावता. मेजर हेडफोन घालून रस्ता ओलांडून गेले, मागोमाग शाहरुख. चहाच्या टपरीपुढे उसाचा एक ट्रॅक्टर उभा होता. त्यांनी चालकाला इंजिन सुरू करायला सांगितलं. चालकाने शाहरुखकडे पाहिलं, शाहरुखने मान हलवली. इंजिन धडाडलं. मेजर चाकाला टेकून डोळे मिटून उभे राहिले. चालकाचा चहा पिऊन झाला तरी ते तिथेच होते.

"मेजर, चढताय का जाऊ?" चालक ओरडला.

मेजरांनी आपले हात पुढे धरून पाहिले. ते स्थिर होते.

"गेली," ते शाहरुखला म्हणाले.

"शीळ?"

"त्याची गेली. माझी हाय. माझी असू दे."

घरी पोचण्याआधी त्यांनी रस्त्यातूनच मुलीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवांजलीच्या एका बाजूला सुलाबाई आणि दुसऱ्या बाजूला मेजर पाटावर बसले. कमरेला नवं धोतर, डोक्यावर हेडफोन. डीजे सुरू झाला तेव्हा सुलाबाईंनी एकदा वाकून नवऱ्याचे हात पाहिले आणि मग मुलीकडे वळल्या. हळद आली. भावकीतल्या बायका भरल्या हातांनी मेजरांच्या कानापर्यंत पोचल्या, तसे ते पहिल्यांदाच हलले.

"गालाला लावा, गालाला! हळदीत तेल हाय!"

"एवढी नोकरी करून आलं माणूस," सुलाबाई म्हणाल्या, "आन हळदीला भ्यालं."

बायका हसल्या. शिवांजलीने एक बोट बुडवून वडिलांच्या नाकाच्या शेंड्यावर हळद लावली. मेजर तोवर दोन्ही तळहातांनी हेडफोनच्या जाळ्या झाकून बसले होते. या खेपेचा फोटो तोच आहे.

पोरं नाचली, दमली, जेवायला गेली. पाट उचलायला आलेल्यांना मेजर अजून बसलेलेच दिसले. शिवांजलीने हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली.

"आबा, उठा. डीजे बंद झाला."

"झाला व्हय?" मेजर म्हणाले. "मी म्हणलं, पोरं आता कुठं जोर धरत्याल."