नळीच्या टोकाचं काम

हर्षा खोब्रागडे मूळची नागपूरची. सिंगापूरला आधी विद्यापीठात संशोधन करायला आली, क्लेमेंटीत एका चिनी आजीच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहिली आणि मग चिकटद्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. तिचं सगळं काम आट्यांचं. बोल्टच्या आट्यांवर एका द्रवाचे दोनचार थेंब टाकायचे आणि नट आवळायचा. आत हवा उरली नाही की तो द्रव कडक होतो, आणि मग यंत्र कितीही थरथरलं तरी जोड ढिला पडत नाही. याला थ्रेडलॉकर म्हणतात. पंप, एसीचे कॉम्प्रेसर, क्रेनच्या मोटरी अशा गोष्टींसाठी ती तो तपासून द्यायची.

तिचा नवरा सुगत माझा बॅडमिंटनचा जोडीदार. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, बोगद्यांवर इंजिनियर होता. मोठ्याने हसायचा, हरला की जास्तच. त्यामुळे मी त्या घरात पुष्कळदा जेवलो आहे, आणि पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे. उरलेलं हर्षाने नंतर सांगितलं.

दोन हजार सहा साली तिच्याकडे एक वेगळं काम आलं. परदेशातली एक रायफल बनवणारी कंपनी होती. रायफलच्या नळीच्या टोकाला आटे पाडलेले असतात. त्यावर एक छोटा तुकडा बसवतात आणि त्या तुकड्यावर आवाज दाबणारं नळकांडं, म्हणजे सप्रेसर, अडकवतात. गोळीबार सुरू झाला की ते टोक तापतं, हादरतं आणि आटे फिरायला लागतात. ते फिरू नयेत एवढंच हर्षाने बघायचं होतं. बंदुकीच्या बाबतीत इथला कायदा किती कडक आहे ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून लॅबमध्ये रायफल कधी आलीच नाही. आले ते परवाने घेऊन, नळीचे कापलेले आखूड तुकडे.

"रायफल मी सिनेमात पाहिलीय फक्त," ती जेवताना म्हणाली.

सुगत म्हणाला, "टोक घट्ट बसलं तर निदान चालवणाऱ्याचा हात तरी वाचेल."

"आणि समोरच्याचा?"

"ते तुझ्या डिंकाच्या हातात नाही," असं म्हणून तो हसला. विषय तिथेच संपला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, तोआ पायोहच्या हॉलमध्ये खेळताना सुगत शटल उचलायला वाकला आणि उठलाच नाही. मी त्याला उताणा केला, छाती दाबली. ॲम्ब्युलन्स लवकर आली, तरी उपयोग झाला नाही. हर्षा त्या शनिवारी लॅबमध्येच होती. मी ऑफिसच्या नंबरवर फोन केला आणि तिच्या साहेबांना, मिस्टर तेओंना, सांगितलं. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिने हातमोजे काढले आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "ओव्हनमधले तुकडे चार वाजता बाहेर काढ. आधी नको." मग पर्स घेऊन निघाली.

हे वाक्य पुढे इथल्या आमच्या मराठी मंडळींत फिरलं. कुणी वाईट बोललं नाही, पण फिरलं.

मंडाई भागातल्या दाहगृहात आम्ही पंचवीसतीस जण होतो. त्रिशरण-पंचशील झालं. हर्षा सगळ्यांबरोबर म्हणत होती, आवाज स्पष्ट होता. सुगतची आई मीराबाई नागपूरहून विमान बदलत बदलत ऐनवेळी पोचल्या होत्या. त्या कोसळल्या. हर्षाने त्यांना धरलं, पाणी पाजलं, खुर्चीवर बसवलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत काही नव्हतं. माझी बायको शैला म्हणाली, "धक्का बसलाय. येईल रडू." 

रडू आलं नाही. पुढच्या सोमवारी ती कामावर गेली. मिस्टर तेओ म्हणाले, "घरी जा, हर्षा. काम थांबेल." ती म्हणाली, "घरी काय करू?"

मीराबाई तिच्याकडेच राहिल्या होत्या. ती उठायची, दोघींसाठी पोळ्या करायची, बसने जायची, परत यायची. भाजीत मीठ पडलंय की नाही हे तिला कळत नसे. मीराबाई सांगायच्या तेव्हा ती वरून घालायची. मीराबाई बोलून बोलून थकल्या. एका संध्याकाळी शैला आणि मी तिथे असताना त्यांचा बांध फुटला.

"पोरी, तुले रडू काहून येत नाही? माया लेकाचं तुले काहीच नव्हतं का?"

हर्षा कपडे घडी करत होती. ती म्हणाली, "होतं, आई."

"मंग?"

"मला काही होतच नाहीये. मी वाट बघतेय."

मीराबाईंनी घडी करायला एक टॉवेल ओढून घेतला.

त्याच महिन्यात परदेशातून एक खोकं आलं. चाचणी चालू असताना एका रायफलचं टोक फिरलं होतं. सप्रेसर किंचित वाकडा झाला, गोळी आतल्या भिंतीला घासली आणि पुढचं तोंड फाटून उडालं. चालवणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. खोक्यात ते फाटलेलं नळकांडं होतं, नळीचं टोक होतं आणि बँडेज बांधलेल्या हाताचा फोटो होता. तुमचा लॉकर टिकला नाही, असं त्यांचं म्हणणं.

हर्षाने फोटो पाहिला आणि उलटा ठेवला. आपल्याला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली, असं तिने मला सांगितलं. म्हणजे अगदी काहीच नाही असंही नाही, ती म्हणाली. भीती तेवढी होती.

मग तिने ते टोक भिंगाखाली घेतलं. आट्यांत तेल होतं. लॉकर धातूला धरलाच नव्हता, पिठासारखा सुटून येत होता. शिवाय तिने सांगितला होता तो जास्त उष्णता सोसणारा प्रकार नव्हताच. नेहमीचा, यंत्रांना लावतात तो होता. तापल्यावर तो मऊ पडतो. कुणीतरी गोळीबाराच्या रेंजवर घाईत, हाताशी होती ती बाटली वापरून काम उरकलं होतं.

मिस्टर तेओ खूश झाले. "म्हणजे चूक त्यांची."

"चूक कुणाची ते लिहा हवं तर," हर्षा म्हणाली. "पण त्यांना दाखवायला पाहिजे. कागदावर सांगितलेलं ते वाचत नाहीत. त्यांची माणसं इथे बोलवा."

दोन जण आले. त्यातला एक त्या जखमी माणसाचा भाऊ होता, त्याच कंपनीत फिटर. हर्षाने त्याच्या हातात तुकडा दिला. आटे आधी पुसून तेल काढायचं, पूर्ण वाळू द्यायचं, ठरलेला लॉकर लावायचा, ठरलेल्या जोराने आवळायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. त्याने सगळं तिच्यासमोर तीनतीनदा केलं. निघताना त्याने विचारलं, "तुम्हाला माझ्या भावाबद्दल काही विचारायचं नाही?"

तिने विचारलं, "तो झोपतो का?"

"नाही," तो म्हणाला.

"मी झोपते," ती म्हणाली. "फार झोपते." याचा अर्थ त्याला कळला नसावा. तो मान हलवून गेला.

घरी आल्यावर तिने हे मीराबाईंना सांगितलं. तोवर त्यांना सून नेमकं काय काम करते हे ठाऊक नव्हतं.

"बंदुकीचं?" त्या म्हणाल्या. "सकाळी शील म्हणते, कोणाचा जीव घेणार नाही म्हणून, अन् हे?"

"हो."

"सुगतले माहीत होतं?"

"होतं." मग सुगत काय म्हणाला होता ते तिने सांगितलं, हाताचं. सांगता सांगता ती थांबली. हसला होता तो नेमका कसा, ते तिला आठवेना. ती खाली बसली. रडू तेव्हाही आलं नाही. मीराबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. शीलाचं पुन्हा काही बोलल्या नाहीत.

हर्षाने ते काम पूर्ण केलं. परत कुणाला इजा झाल्याचं कानावर आलं नाही. मग तिने मिस्टर तेओंना पंपांकडे बदली मागितली. ते कुरकुरले, पण वर्षअखेर तिला ती मिळाली. मीराबाईंचा इथे राहायचा पास संपला तेव्हा त्या परत गेल्या, मात्र दर हिवाळ्यात येऊ लागल्या. सासू-सून दोघी पासिर रिसला समुद्राकाठी फिरायला जात, फारसं न बोलता.

परवा आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात ती खीर वाढत होती. शैलाने विचारलं, "कशी आहेस?"

तिने ओगराळं थांबवून विचार केला. "बरी आहे," म्हणाली. "साखर कमी आहे, पण."

शैलाने चाखून पाहिली. खरंच कमी होती.