मामांचा फुटबॉल संघ

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात आम्ही बरोबर अकरा जण होतो. बारावा मिळाला नाही. ठाण्यातलं ते छोटं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, वर्ग भाड्याच्या इमारतीत भरत आणि सराव खोपट वस्तीच्या पलीकडच्या मोकळ्या रानात चाले. मी आता पंच्याऐंशीचा आहे. तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि उजव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने, खेळायचो.

प्राचार्यांनी संघ सोपवला तो तर्कशास्त्राच्या सरांकडे. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला यातलं काही कळत नाही. पण मी रोज येईन." ते खरोखर रोज यायचे, धोतर सावरत कडेला उभे राहायचे. स्पर्धेआधीचा पहिला सामना आम्ही सात गोलांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी सरावाला कॉलेजचे शिपाई पाण्याची कळशी घेऊन आले होते. घंटा देणारे, वर्गातले फळे पुसणारे, पन्नाशीकडे झुकलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. बराच वेळ आमचा खेळ बघून ते सरांना म्हणाले, "सर, एक सांगू का? पोरं सगळी चेंडूमागे पळतायत. अकराच्या अकरा. मग मोकळं कोण राहणार?"

"तुम्ही खेळला आहात?" सरांनी विचारलं.

"पलटणीत होतो तेव्हा. बारा वर्षं."

"मग उद्यापासून तुम्हीच शिकवा," सर म्हणाले. "मीही शिकेन."

मला हे अजिबात आवडलं नाही. सर लांब गेल्यावर मी म्हणालो, "आता शिपाई आपल्याला शिकवणार?" आमचा कप्तान मोहने गावचा होता, त्याचे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. तो फार बोलायचा नाही. त्याने चेंडू मामांच्या पायाशी ढकलला आणि मला म्हणाला, "जा, काढून घे."

मी पाच वेळा प्रयत्न केला. मामा जागचे जेमतेम दोन पावलं हलले असतील. पाचव्या वेळी मी आपटलो, तेव्हा त्यांनीच हात देऊन उठवलं. "दम चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "फक्त मान खाली घालून खेळतोस." त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर महिनाभर मी चेंडू घेऊन पळायचो आणि मामा मैदानाच्या मध्यावर उभे राहून बोटं दाखवायचे. "किती?" ते ओरडायचे. उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. निम्म्या पोरांकडे बूट नव्हते, त्यांच्या घोट्यांना मामा स्वतः पट्ट्या बांधायचे. सकाळी साडेसहाला सराव, आणि साडेसातला खाकी कपडे चढवून घंटेपाशी हजर. त्यांना एकदाही उशीर झाला नाही.

आम्ही त्या हंगामात तीन सामने जिंकलो आणि उपांत्य सामन्याला मुंबईला गेलो. समोर मोठं, जुनं कॉलेज होतं. मैदानाभोवती दोरी बांधलेली. मामा खाकी कपड्यांतच आमच्याबरोबर आत येऊ लागले, तसं एका व्यवस्थापकाने त्यांना अडवलं.

"शिपायांनी दोरीबाहेर थांबायचं."

"हे आमचे प्रशिक्षक आहेत," सर म्हणाले.

"यादीत तुमचं नाव आहे. आत एकालाच बसता येतं."

मामा मागे फिरलेही होते. सरांनी त्यांना थांबवलं, यादी मागून घेतली आणि स्वतःचं नाव खोडलं. मग मामांकडे वळून विचारलं, "आपलं पूर्ण नाव सांगता?"

मामांनी सांगितलं, सरांनी ते सावकाश लिहिलं. वर्षभर त्या माणसाच्या हातचं पाणी प्यालो, पण त्याचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सर दोरीबाहेर गवतावर बसले. मध्यंतरात पाण्याची कळशी त्यांनी उचलून आणली.

आम्ही दोन-एक असे हरलो. आमचा एकमेव गोल कप्तानाचा. बगलेवरून पळताना मला तो मोकळा दिसला आणि मी चेंडू त्याच्याकडे दिला. आजवर मी केलेल्या मोजक्या चांगल्या कामांत ते एक धरतो.

सामना संपल्यावर आम्ही रडकुंडीला आलो होतो. मामा सरांसमोर उभे राहून म्हणाले, "दुसरा गोल माझ्या चुकीने गेला, सर. डाव्या बाजूचा पोरगा दमला होता. मी त्याची जागा बदलायला पाहिजे होती." एवढ्या सरळपणे चूक कबूल करणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

परतल्यावर प्राचार्यांनी सरांना बोलावून यादीतल्या बदलाचा खुलासा विचारला. सरांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. पुढच्या वर्षीची यादी मात्र सूचनाफलकावर लागली, तेव्हा प्रशिक्षक म्हणून मामांचंच नाव होतं, सरांच्या अक्षरात. मामा बराच वेळ फलकासमोर उभे होते. मग तासाची वेळ झाली, तसे ते घंटेकडे गेले. आम्ही अकरा जण त्या दिवशी कुणी न सांगता वेळेवर वर्गात बसलो.