टेकडीवरून आमची गच्ची शोधताना

दोस्तहो, तुमचं घर दुरून तुम्हाले ओळखू येईल काय? मले नाही आलं.

आज सकाळी यवतमाळचा फोटो काढाले गावाबाहेरच्या टेकडीवर गेलतो. वरून सगळ्या गच्च्या सारख्याच. शेवटी आईले फोन केला, "गच्चीवर जाऊन लाल चादर हालव."

"काहून? लोकं काय म्हणतीन?" म्हणत म्हणत तिनं हालवली. घर सापडलं, फोटो काढला.

आता घरी तोच फोटो मोठा करून पाहून राह्यलो. आईच्या मागच्या गच्चीवर एक म्हातारे काका टेकडीकडं तोंड करून टॉवेल हालवून राह्यले. आई म्हणते, "मी नाही ओळखत बा."

टेकडीवर तर मी एकटाच होतो. काकाले कोणी ओळखत असाल त सांगा. मायं हात हालवणं राह्यलं.