सुगंधामावशीच्या गाण्यातलं नाव

माझी मावशी सुगंधा शिरगावची. पालघरच्या बाजारात ती मासळी विकायला बसते, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईक भाव करायचं विसरतं. एखाद्यानं पापलेट उलटंपालटं करून फार वेळ निरखलं की ती विचारते, "मुलगी बघायला आलास काय? घ्यायचं तर घे, नायतर तिला झोपू दे." माणसं चिडत नाहीत. हसतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याचकडे येतात. रागही तिच्या नाकावर असतो, पण तो तिथेच असतो, खाली उतरत नाही.

मावशीची खरी मजा बघायची तर हळदीला. आमच्याकडे नवरीला हळद लावताना बाया गाणी म्हणतात. चाल जुनी, शब्दही बरेचसे जुने, पण नावं दर लग्नात नवी. नवरीचं, नवऱ्याचं, वरमायचं, आहेर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मामाचं. ही नावं आयत्या वेळी चालीत बसवायची, आणि ते येरागबाळ्याचं काम नाही. मावशी ती अशी बसवते की गाणं त्या एका पोरीसाठीच जन्माला आलंय असं वाटतं. एकदा मी तिला म्हटलं, नाव न घालता नुसतं गायलं तर काय बिघडलं? ती म्हणाली, "मग त्या पोरीला कसं कळायचं, गाणं तिचं हाय म्हणून?"

तिची एकुलती एक मुलगी समिधा. काका लवकर गेले, त्यामुळे मावशीनं तिला एकटीनं वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं, आणि मनीषशी लग्नही वाजतगाजत लावून दिलं. समिधाच्या हळदीला मावशी गायली तशी ती पुन्हा कधी गायली नाही. आवाज मधेच भरून यायचा, पण सूर सुटला नाही. "मनीषच्या दारी गं हळदीचा सडा, समिधा बायचा भरला चुडा." मी मागे उभी राहून रडत होते, आणि मी सहसा रडत नाही.

त्या हळदीला साउंड कुंदनचा होता. कुंदनचं बोईसरला दुकान आहे, स्पीकर आणि डीजेचं. मुलगा सरळ, फक्त नव्या गोष्टींचं फार वेड. त्यानं गाणं रेकॉर्ड केलं आणि मावशीला विचारून एका प्लॅटफॉर्मवर टाकलं. आधी तो आपली गाणी एका मोठ्या कंपनीच्या साइटवर टाकायचा, पण त्यांनी एक दिवस कारण न सांगता त्याचं खातंच बंद केलं. तेव्हापासून त्यानं मधल्या कंपनीच्या नावानं कानाला खडा लावला होता. या नव्या प्लॅटफॉर्मला मालकच नाही. गाणं टाकणाऱ्यानं आपल्या अटी आपणच लिहायच्या, आणि गाण्याच्या प्रती जगभरच्या शेकडो लोकांच्या कॉम्प्युटरवर पडून राहतात. कुणा एकाच्या लहरीनं गाणं बंद होत नाही. कुंदननं अट लिहिली: कुणीही वाजवावं, हवं तर बदल करावा, फक्त गायिकेचं नाव द्यावं. मावशीला स्वतःचं नाव मोबाइलवर दिसलं तेव्हा तिनं तो मोबाइल अख्ख्या बाजारात फिरवला.

समिधा दीड वर्षात परत आली. मनीष तसा वाईट नव्हता असं लोक म्हणतात. लोकांना त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं. मावशीनं एका शब्दानं विचारलं नाही, तिचं ताट वाढलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींची तोंडं बंद केली. समिधा बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. सगळं मार्गी लागत होतं, आणि नेमकं तेव्हाच गाणं उचललं गेलं.

मनोरच्या कुणा पोरानं मावशीच्या आवाजाखाली ठेका घातला. अट पाळून, मावशीचं नाव देऊन. आणि तो ठेका इतका जमला की मनोरपासून तारापूरपर्यंत एकही हळद त्याच्याशिवाय होईना. नवरी कुणीही असो, दार मनीषचं आणि चुडा समिधाचा. कुणाची तरी आजी मांडवात विचारायची, "ही समिधा कोण गो, आपल्याकडची?" पोरं हसून नाचत राहायची. पण शिरगावात कुणाला सांगायची गरज नव्हती. समिधानं लग्नांना जाणं सोडलं. कारखान्यात पाळी आहे, असं ती सांगायची. रात्री लांबच्या मांडवातून ते गाणं ऐकू आलं की मावशी उठून भांडी घासायला बसायची, घासलेलीच, जितकी आपटता येतील तितकी आपटत. समिधा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दोघी त्यावर एक अक्षर बोलत नव्हत्या, आणि मला ते बघवत नव्हतं.

एके दिवशी मावशी मला घेऊन कुंदनच्या दुकानात गेली. मी तारापूरला एमआयडीसीत ऑफिसात काम करते, म्हणून मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं अशी तिची समजूत आहे.

"ते गाणं काढ," ती म्हणाली.

कुंदनचा चेहरा उतरला. "काकी, मी माझ्या मशीनवरचं कवाच काढलं. पण बाकीच्यांच्या मशीनवर हाय."

"मग त्यांना फोन लाव."

"कोण हायत ते मलाच ठाऊक नाय. एखादी प्रत ब्राझीलला पण असेल."

"ब्राझीलला मनीषचं काय काम?" मावशी म्हणाली, आणि मला हसू आवरेना. पण तिला हसू येत नव्हतं. जे मालक नसण्याचं कौतुक कुंदन दोन वर्षं सांगत होता, त्याचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. भांडायला समोर कुणीच नव्हतं. बाजारात सगळ्यांना पुरून उरणारी माझी मावशी दुकानातल्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली, आणि मला तिची फार माया आली.

शेवटी कुंदननंच वाट काढली. गाणं पुसता येत नाही, पण त्याची नवी आवृत्ती टाकता येते. जुन्याच्या पानावर नव्याची खूण लागते. "नवं चांगलं झालं तर डीजेवाले नवंच उचलतील. आणि इथल्या सगळ्यांना मी ओळखतो, काकी. एकेकाला स्वतः सांगेन." मावशी लगेच तयार झाली. मनीष नाही, समिधा नाही, नावाच्या जागी नुसता ठेका ठेवायचा, ज्यांनी त्यांनी आपली नवरी घालावी. रविवारी यायचं ठरलं. "समिधाला बोलू नको," तिनं मला बजावलं. "उगाच जखमेवरची खपली निघायची."

मी त्याच संध्याकाळी समिधाला सांगितलं. मावशीचा शब्द मी सहसा मोडत नाही, पण जिच्या नावावरून हे चाललं होतं तिला कुणीच काही विचारत नव्हतं. कुंदननं अटी लिहिताना विचारलं नाही, मनोरच्या पोरानं विचारलं नाही, आणि आता आईही विचारत नव्हती. समिधानं ऐकून घेतलं आणि "बरं" एवढंच म्हणाली.

रविवारी कुंदनच्या मागच्या खोलीत मावशी आणि तिच्या सोबतच्या बाया बसल्या होत्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. सगळ्या घामानं निथळत होत्या. पहिल्यांदा गाऊन झालं आणि ते काही जमलं नाही. मावशीलाही ते कळलं होतं. नावाची जागा आली की तिचा आवाज पायरी चुकल्यासारखा व्हायचा. ती दुसऱ्यांदा सुरू करणार इतक्यात दार उघडून समिधा आत आली.

मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा हिशोब मी अजून चुकता करते आहे.

"माझं नाव का काढतेस?" समिधानं विचारलं.

"तुला त्रास होतो, बाय."

"माझ्या नावाचा मला कसला त्रास? माझं नाव ऱ्हाऊ दे. त्याचं काढ."

कुंदन वायरी चाचपू लागला.

"अगो, पण मग दारी कुणाच्या म्हणू?"

"तुझ्या," समिधा म्हणाली. "आणखी कुणाच्या दारी हाय मी?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. बरोबरच्या बायांपैकी एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर तिनं तो झटकून टाकला आणि कुंदनला म्हणाली, "चालू कर. बघत काय बसलास?" आणि ती गायली. "आयेच्या दारी गं हळदीचा सडा, समिधा बायचा भरला चुडा." समिधा खाली बायांमध्ये बसली आणि दुसऱ्या ओळीला त्यांच्यात मिसळली. तिचा आवाज आईसारखा नाही, जरा पातळ आहे, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये तो वेगळा ऐकू येतो. कुंदननं तो काढायला सांगितलं असतं तर मी त्याचे स्पीकर फोडले असते.

त्याला तसं काही सुचलं नाही. त्यानं सगळ्या बायांची नावं लिहून घेतली, समिधाचंही. मग अटींचा रकाना उघडला आणि मावशीकडे पाहिलं. "काकी, काय लिहू? कुणी कसं वापरायचं?"

एरवी या प्रश्नावर मावशीनं त्याला तासभर बसवला असता. ती म्हणाली, "हिला विचार."

समिधानं थोडा विचार केला. "कुणीपण वाजवा. ठेका घाला, त्यांची नवरी घाला, काय पण करा. माझं नाव गाळायचं नाय."

कुंदननं तसंच लिहिलं. आता उमरोळीच्या, बोईसरच्या मांडवात ते गाणं लागलं की बाया समिधाच्या नावामागून आपल्या नवरीचं नाव जोरात घेतात, आणि नवरीची आई हमखास पदर डोळ्याला लावते. जुनं गाणंही कुठेतरी वाजत असेलच. समिधा हळदीला जाते, आणि आजी लोक विचारतात तेव्हा पुढे होऊन सांगते, "मीच ती."