आधी कोणी विचारायचं?

"नेटवर्क मेलंय," सुभेदारांनी मला दारातच सांगितलं. "बसवल्यापासनं एक फाईल हिकडची तिकडं गेली न्हाई. पैसे मात्र गेले."

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. मेलेलं काही दिसेना. हब, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ती डबी, हिरवे दिवे लावून बसली होती. केबल ओढून पाहिल्या, घट्ट होत्या. सुभेदारांच्या कॉम्प्युटरवर समोरच्या केबिनचा कॉम्प्युटर दिसत होता. समोरच्या केबिनमध्ये जाऊन पाहिलं, तिथे सुभेदारांचा दिसत होता. त्यावर क्लिक केलं की फोल्डर उघडेल, एवढंच बाकी होतं.

"सुभेदार, तुम्ही यावर क्लिक करून पाहिलंत का?"

"आमी कशाला? आमी आमचं फोल्डर उघडं ठेवलंय. अण्णांना पायजे आसंल तर त्यांनी यावं."

समोरच्या केबिनमध्ये अण्णांना तेच विचारलं.

"आमचंबी उघडंच हाय की," अण्णा म्हणाले. "दाजींनी यावं. न्हाई कोण म्हनतंय?"

सातारा एमआयडीसीतला हा कारखाना पंपांची बीडाची हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, ओतायचा. भागीदार दोन. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याचे. अण्णा सांगलीचे; तिथलं वर्कशॉप हलवून नुकतेच इथे आलेले. अण्णांची धाकटी बहीण सुभेदारांना दिलेली. म्हणजे सुभेदार जावई. जावई सासुरवाडीच्या माणसाकडे मागायला जात नाही. आणि अण्णा वयाने मोठे. मोठा माणूस धाकट्याच्या दारात उभा राहत नाही. अशा दोन केबिनी समोरासमोर, आणि मधल्या पॅसेजमध्ये सुनंदाचं टेबल.

सुनंदा ड्रॉईंग काढायची. रोज पाटणहून एसटीने यायची. नेटवर्क येण्याआधी दोन्ही साहेबांमधला व्यवहार तिच्या हातातल्या फ्लॉपीवर चालायचा. या केबिनची फ्लॉपी त्या केबिनला, त्या केबिनची या केबिनला. मध्यंतरी एका हाउसिंगचं भोक सरकवायचं ठरलं. सुभेदारांनी ते आपल्या कॉम्प्युटरवर सरकवलं आणि तिथेच ठेवलं. अण्णांनी मागितलं नाही, म्हणून यांनी दिलं नाही. फाउंड्री बघायचे अण्णा. त्यांनी जुन्या ड्रॉईंगवर अख्खा लॉट ओतून घेतला. सगळा भंगारात.

भागीदारीत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: चूक सुनंदाची. फ्लॉपी तीच नेते.

"शनिवारी पुण्याच्या गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्शनवाले साहेब येनार," ती मला हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही केबिनीत एकच ड्रॉईंग दिसलं न्हाई तर माजी नोकरी गेली. तसं तोंडावर सांगितलंय. तुमी काय तरी करा, ताई."

मी तेव्हा नोकरीला नवी होते. पोवई नाक्याजवळच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मला फक्त केबल तपासायला पाठवलेलं. पण ज्या घरात जेवायला बसण्याआधी जमिनीवरचे मोर्चाच्या पत्रकांचे गठ्ठे बाजूला सारावे लागायचे, तिथे वाढलेल्या मुलीला केबल तपासून गप्प परत जाणं जमत नाही. डोकं तडकलं. मी दोन्ही साहेबांना पॅसेजमध्ये बोलावलं आणि उभ्या उभ्या भाषण ठोकलं.

म्हटलं, दोन कॉम्प्युटर फाईल देण्याघेण्याआधी बोलणी करतात. ज्याला फाईल हवी तो क्लायंट. ज्याच्याकडे ती आहे तो सर्व्हर. बोलणी क्लायंटच सुरू करतो, नेहमी. तो सांगतो: मला ही जुनी बोली येते, ही तिच्या पुढची येते, ही अगदी नवी. सगळी यादी एका दमात, काही न लपवता. सर्व्हर ती ऐकून त्यातली स्वतःला येणारी सगळ्यात नवी बोली निवडतो आणि तिचा फक्त नंबर कळवतो. एकही येत नसेल तर तसं सांगतो, विषय तिथेच संपतो. जमलं तर पुढे नाव, पासवर्ड, फोल्डर, फाईल. पण सर्व्हर आपण होऊन कोणाला हाक मारत नाही. तुम्ही दोघंही सर्व्हर होऊन बसलात. विचारणार कोण? आणि विचारण्यात कमीपणा कसला? यंत्राला जात नाही, हुद्दा नाही, सासर-माहेर नाही. सगळी सारखी!

शेवटच्या वाक्याला माझा आवाज बराच चढला होता.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी ज्यानं आधी तोंड उघडायचं, त्यानं आपल्याला काय काय येतं त्येबी सांगायचं?"

"हो."

"आनि दुसरा नुसता नंबर सांगनार?"

"हो."

"मग आमी सर्व्हरच," सुभेदार म्हणाले.

"आमीबी," अण्णा म्हणाले.

"अहो, सर्व्हरचं काम काय असतं माहीत आहे?" मी आता चिडले होते. "दिवसभर जागेवर बसायचं. कोणीही हाक मारली की उठायचं. मागेल ती फाईल आणून द्यायची. जेवायच्या सुट्टीतसुद्धा बंद व्हायचं नाही."

"म्हंजी शिपाई?" अण्णांनी विचारलं.

"मला न्हाई व्हायचं सर्व्हर," सुभेदार म्हणाले. "फौजेत हाताखाली मानसं हुती माज्या."

"आवं दाजी, मग आमी काय रस्त्यावर पडलोय?"

आता दोघांनाही क्लायंट व्हायचं होतं. माझं समतेवरचं भाषण इतक्या वेगाने उलटं फिरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सुनंदा टेबलाशी उभी राहून ओठ दाबत होती. तिच्या टेबलावर तिचा जुना कॉम्प्युटर होता. साहेबांचे नवे आले तेव्हा हा तिच्या वाट्याला आलेला. माझं लक्ष त्याच्याकडे गेलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुम्ही दोघंही क्लायंट. दोघांनी फक्त हुकूम सोडायचा. सगळी ड्रॉईंग सुनंदाताईंच्या मशीनवर राहतील. ते आणून देईल."

"शाब्बास," सुभेदार म्हणाले. "आता कसं बोललीस!"

अण्णांनी मात्र शंका काढली. "आमचं मशीन नवं. तिचं खटारा. दोघांचं जमनार कसं?"

"तुमचं मशीन त्याच्या जुन्या बोलीत बोलेल."

"आमचं मशीन? त्याच्या बोलीत?"

"त्याला ती येते. यादीत पहिल्यापासून असते. त्याला लाज वाटत नाही."

अण्णांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

कामाला लागल्यावर एक अडचण निघाली. त्या जुन्या बोलीला लांब नावं कळत नाहीत. फाईलचं नाव आठ अक्षरांत बसलं पाहिजे. सुभेदारांच्या सगळ्या फाईली 'सुभेदारसाहेब' पासून सुरू व्हायच्या, त्यापुढे पंपाचं नाव. अण्णांच्या 'अण्णासाहेब फायनल', मग 'अण्णासाहेब फायनल नवीन', मग 'अण्णासाहेब फायनल नवीन खरं'. इंग्रजी अक्षरांत ते आणखी लांब. मी आणि सुनंदाने बसून सगळी नावं बदलली. नुसता पार्टचा नंबर. साहेब आणि अण्णा, दोघेही नावातून गळाले.

"माजं नाव कुटं गेलं?" सुभेदारांनी विचारलं.

"बसलं नाही."

"आन् अण्णांचं?"

"तेही नाही."

"मग हरकत न्हाई," ते म्हणाले.

शनिवारी मी मुद्दाम गेले. दुकानाचं काम नव्हतं. सुनंदाचं काय होतं ते बघायचं होतं. पुण्याचे इन्स्पेक्टर शांत गृहस्थ होते, कमी बोलणारे. त्यांनी त्या भंगारात गेलेल्या हाउसिंगचं ड्रॉईंग मागितलं. अण्णा आपल्या केबिनमध्ये घुसले आणि क्लिक केलं. तिकडे सुभेदारांनीही केलं, कारण अण्णांनी केलं होतं. दोन्ही केबिनींत एकाच वेळी शिव्या ऐकू आल्या.

पडद्यावर लिहून आलं होतं की फाईल वापरात आहे, फक्त वाचता येईल.

दोघेही तरातरा पॅसेजमध्ये आले. सुनंदाच्या पडद्यावर तेच ड्रॉईंग उघडं होतं. ती भोकाचं माप पुन्हा तपासत होती.

"सुनंदा, बंद कर ती फाईल!" अण्णा ओरडले. "पावन्यांना दाखवायचीय."

"आधी माज्याकडं सोड," सुभेदार म्हणाले.

तिने मान वर केली नाही. तिची नोकरी आता जाणार, आणि माझ्याच जोडणीमुळे जाणार.

"आवं, दिसतंय न्हवं दोघांनाबी?" ती म्हणाली. "मग वाचा की. बदलायला कशाला पायजे?"

मागून इन्स्पेक्टर आले. त्यांनी एका केबिनमध्ये डोकावून भोकाचं माप पाहिलं. दुसऱ्या केबिनमध्ये जाऊन तेच पाहिलं. मग सुनंदाच्या मागे येऊन उभे राहिले. "म्हणजे ड्रॉईंग यांच्याशिवाय कोणीच बदलू शकत नाही?"

खरं तर तिने फाईल बंद केली असती तर कोणीही बदलू शकलं असतं. सांगू की नको, या विचारात मी होते. तेवढ्यात सुभेदार पुढे झाले. छाती काढून, अटेन्शनमध्ये.

"बिलकुल न्हाई, सर. तशी सिस्टीमच केलीय आमी."

"आमी दोघांनी मिळून," अण्णांनी जोडलं. "माल बिघडला तवाच ठरवलं, ड्रॉईंग एकाच मानसाच्या ताब्यात पायजे."

"उत्तम," इन्स्पेक्टर म्हणाले. "हीच बाई कायम ठेवा. पुढच्या वेळी आलो की मी यांनाच भेटेन."

दोन्ही साहेबांनी एकदम माना डोलावल्या. एकमताची ही दुसरी वेळ. सुनंदाने फाईल सेव्ह केली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे एकदाच पाहिलं. सोमवारी मी जाऊन इतरांना ते फोल्डर फक्त वाचण्यापुरतं उघडं राहील असं करून आले, म्हणजे साहेबांनी सांगितलेलं निदान खोटं राहिलं नाही.

काही दिवसांनी सुनंदाने साहेबांना कळवलं की सर्व्हर तापतो, पॅसेजमध्ये पंखा हवा. सुभेदारांनी एक पाठवला. हे कळल्यावर अण्णांनीही एक पाठवला. पुढे मी गेले तेव्हा दोन्ही पंखे तिच्या दोन बाजूंना फिरत होते, आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून तिने त्यांवर त्याच लॉटमधलं एक भंगार हाउसिंग ठेवलं होतं.

ते दोघे एकमेकांकडे अजूनही काही मागत नाहीत, असं ती म्हणाली. मागायचं ते मशीनकडून मागतात, दिवसभर.

तेव्हापासून माझी तपासायची पद्धत बदलली आहे. कोणी सांगितलं की नेटवर्क मेलंय, तर मी आधी केबल बघते. मग हब बघते. दोन्ही ठीक असले की खुर्ची ओढून बसते आणि विचारते, इथे आधी कोणी विचारलंय का?