बेलाला घातलेलं पाणी
बेलाचं पान हातात आलं की मला आधी निळा रंग दिसतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. नव्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या दादानं उन्हात छाप उमटणाऱ्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा काळ्या कागदात गुंडाळून आणला. त्यावर आईच्या पूजेतलं बेलपान ठेवलं, काच दाबली आणि अंगणातल्या रखरखीत उन्हात मांडलं. पिवळसर कागद करडा झाला. "आता पाणी दे गं, न्हाईतर पानाची जागाबी काळवंडंल," दादा मला म्हणाला. रांजण कोरडा होता. पाणी होतं ते फक्त आईच्या तांब्यात, पूजेत ती तळहातावर घेई त्या इष्टलिंगावर घालायचं. "कागद धुवायला हाय का ते?" आई कडाडली. पण दादानं पान उचललं, खाली त्याची फिकट सावली तेवढी राहिलेली आईनं पाहिली, आणि ताटात कागद ठेवून तिनंच तांब्याची धार धरली. पिवळेपणा वाहून गेला. बघता बघता कागद गर्द निळा झाला आणि मधोमध तीन दळांचा पांढरा बेल उमटला, शीर न् शीर दिसणारा. "आता पूजेचं काय?" मी हळूच विचारलं. लिंग धरायची तसा तो ओला कागद आईनं डाव्या तळहातावर घेतला होता. "बेलालाच तर घातलं की," ती म्हणाली. आज आई नाही. सोमवारी ताजा बेल वाहण्याआधी मी काचेखाली जपलेल्या त्या पांढऱ्या पानाला हात जोडते.