निळा अंगठा

भाचीच्या बाळंतपणासाठी मी सरकारी दवाखान्यात होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई सारखी साबणाने अंगठा घासताना दिसायची. शाईचा निळा डाग काही जात नव्हता. आणि तिच्या उशाशी तर रोजचं वर्तमानपत्र असायचं, ते ती शेवटच्या पानापर्यंत वाचायची.

न राहवून मी विचारलं, "शिकलेली दिसतेस. मग अंगठा कसा?"

"बारावी झालेय, मावशी. कळा चालू होत्या, तेव्हा हात धरून कागदावर लावून घेतला. मला एचआयव्ही आहे ना. सिझर करतानाच मूल बंद व्हायचं ऑपरेशन करून टाकलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारख्यांना एक पुरे." बाळाचं दुपटं सारखं करत ती म्हणाली, "गोळ्या एकदाही चुकवल्या नाहीत मी. मला अजून एक हवं होतं."

त्याच सकाळी त्याच डॉक्टरांनी माझ्या भाचीला विचारलं होतं, "पुढचं काय ठरवताय? घरी बोला, घाई नाही." किती साधा प्रश्न! तो कुणाला विचारायचा आणि कुणाला नाही, हेसुद्धा कुणीतरी ठरवत असतं, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. राग आला. पण भाचीला अजून तिथंच राहायचं होतं. मी थर्मासमधला चहा त्या बाईला ओतून दिला, बस्स.

तिला घरी सोडताना नर्सने रजिस्टर पुढे केलं आणि सवयीने शाईचं पॅडही. तिने पेन मागून घेतलं आणि वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

"अगं बाई," नर्स कौतुकाने म्हणाली, "तुला सही येते की!"